आकडा न सांगणारं गेज

माझ्या कामाच्या टेबलावर एक प्लग गेज असतं. वीतभर लांबीची पोलादी दांडी, मध्ये नर्लिंग केलेली मूठ, दोन्ही टोकांना गुळगुळीत दंडगोल. एक टोक लांब, दुसरं आखूड. आखूड टोकाच्या गळ्याशी लाल पट्टा. बाबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये ३१ वर्षं इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा झिजून बाद झालेलं हे गेज त्यांनी घरी आणलं.

समजा, ड्रॉइंगमध्ये २५ मिलिमीटरचं बोअर मागितलंय, टॉलरन्स एच-सात. म्हणजे भोक २५.००० पेक्षा लहान नको आणि २५.०२१ पेक्षा मोठं नको. लांब टोक २५.००० चं, ते ‘गो’. ते भोकात सरळ शिरलं पाहिजे. आखूड टोक २५.०२१ चं, ते ‘नो-गो’. ते तोंडाशीच अडलं पाहिजे. गो गेलं, नो-गो अडलं, पीस पास. भोक नेमकं किती आहे, २५.००७ की २५.०१९, हे गेजला माहीत नसतं आणि गेज वापरणाऱ्यालाही कळत नाही. शाळेत असताना मी बाबांना विचारलं होतं, मग खरा आकडा कळायचा कसा? ते म्हणाले, “आकडा कशाला पायजे? बसतंय का न्हाई एवढंच गिऱ्हाईक विचारतंय. जेवढं विचारलंय तेवढंच सांगायचं.”

आज राजारामपुरीतल्या आमच्या घरी बसून मी गेजच बनवते. पोलादाची नाही, समीकरणांची. ती बनवायला वेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषा निघाल्या आहेत: सर्कॉम, नॉयर, कैरो, लिओ, झोक्रेट्स. या भाषांत लिहिलेल्या गोष्टीतून जो पुरावा निघतो त्याला झीरो नॉलेज प्रूफ म्हणतात. मराठीत आपण शून्य-ज्ञान पुरावा म्हणू. ‘माझं वय अठरा पूर्ण आहे’ हे समोरच्याला शंभर टक्के पटावं, पण वय, जन्मतारीख, नाव, पत्ता यातलं काहीही त्याच्या हाती लागू नये, असा पुरावा.

झेरॉक्सचा गठ्ठा

या कामाकडे मी वळले त्यामागे एक कारण आहे. २०२३ च्या पावसाळ्यात संचार साथी या सरकारी पोर्टलवर मी सहज माझ्या नावावरचे मोबाइल नंबर पाहिले. दोन असायला हवे होते, तीन निघाले. तिसरं सिम मी कधी घेतलंच नव्हतं. कुणीतरी माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स वापरली होती. कुठली झेरॉक्स, हे शोधायला बसले आणि मोजतच राहिले. भाड्याची खोली, मुलाखतीला गेले तिथलं लॉज, परीक्षेचा अर्ज, कुरिअर, मोबाइलचं दुकान. प्रत्येक ठिकाणी मी निमूटपणे एक कागद देऊन आले होते.

त्यातल्या प्रत्येकाला खरं तर एकच छोटी गोष्ट हवी होती. लॉजवाल्याला मी सज्ञान आहे का, एवढंच पाहायचं होतं. परीक्षेला मी महाराष्ट्राची रहिवासी आहे का, एवढंच. मी मात्र प्रत्येकाला नाव, जन्मतारीख, घर नंबर, गल्ली आणि फोटो असं सगळं बांधून देत आले. तो नंबर बंद झाला, पण मनातून गोष्ट गेली नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क लॉजच्या काउंटरवर कसा वापरायचा, याचं उत्तर मला बाबांच्या गेजात सापडलं.

आजोबांची जीभ

न सांगता पटवता येतं कसं? याचं उत्तर माझ्या आजोळी होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आईचे वडील करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळात गुळव्या होते. दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की त्यांचा मुक्काम काहिलीपाशी. ते म्हणायचे, मळीच्या रानातल्या उसाचा गूळ आणि माळावरच्या उसाचा गूळ मी नुसत्या जिभेनं ओळखतो. मला दोन्ही सारखेच गोड लागायचे. दहा वर्षांची असताना मी त्यांची परीक्षा घेतली. दोन पुड्या केल्या, त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि मनाला येईल त्या पुडीतला खडा त्यांच्या तळहातावर ठेवत गेले. ते सांगत गेले: मळीचा, माळाचा, माळाचा, मळीचा. वीस खडे झाले, एकही चुकला नाही.

नुसत्या अंदाजानं सांगणारा माणूस एका खड्याला निम्म्या वेळा बरोबर येईल. ओळीनं वीस वेळा बरोबर यायची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक. म्हणून मला पटलं. आता दुसरी बाजू बघा. त्यांचं प्रत्येक उत्तर मला आधीच माहीत होतं, कारण पुडी मीच निवडली होती. मग त्या वीस उत्तरांतून माझ्या ज्ञानात काय भर पडली? काहीच नाही. गूळ कसा ओळखायचा हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही येत नाही. फक्त त्यांना ते येतं, एवढ्यावर माझा विश्वास बसला.

नेमकी हीच गोष्ट १९८५ साली शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी गणिताच्या भाषेत मांडली. तपासणाऱ्याला मिळालेली उत्तरं तो स्वतःच तयार करू शकला असता, तर त्या उत्तरांतून गुपित बाहेर पडलेलं नसतं, ही त्यांची व्याख्या. पुढच्याच वर्षी ओडेड गोल्डराइश, मिकाली आणि आवी विग्डरसन यांनी दाखवलं की ज्या दाव्याचा पुरावा चटकन तपासता येतो, असा जवळजवळ कुठलाही दावा या पद्धतीनं पटवता येईल. गोल्डवासर आणि मिकाली यांना २०१२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एक अडचण राहिली होती. आजोबांना वीस वेळा विचारायला मी समोर बसले होते. लॉजवाला वीस प्रश्न विचारत बसणार नाही. त्यावर १९८६ साली अमोस फियाट आणि आदी शमीर यांनी तोडगा काढला. पुरावा देणाऱ्यानं आपलंच म्हणणं एका हॅश फंक्शनमधून काढायचं आणि त्यातून येणारा आकडा हाच समोरच्याचा प्रश्न मानायचा. हॅशमधून काय येईल हे आधी ठरवता येत नाही, त्यामुळे सोयीचे प्रश्न निवडता येत नाहीत. आता पुरावा एका चिठ्ठीत मावतो आणि तपासणारा ती नंतर निवांत पाहू शकतो.

मग एवढ्याशा चिठ्ठीत लाखो समीकरणं कशी तपासली जातात? इथे काहील आठवा. रसाच्या काहिलीत कुणी मिठाची वाटी ओतली, तर सगळी काहील चाखावी लागत नाही. कुठूनही पळीभर घ्या, खारटच लागतं. गणितात हे काम बहुपदी करते. सगळी समीकरणं एका मोठ्या बहुपदीत विरघळवली जातात. एकही समीकरण खोटं असेल तर ती बहुपदी जवळजवळ सगळीकडेच बिघडते आणि एका यादृच्छिक जागी तपासलं तरी चोरी सापडते. येन्स ग्रोथ यांनी २०१६ साली दिलेल्या पद्धतीनं पुरावा आवळून लिहिला, तर नेहमीच्या वापरातल्या एका वक्रावर तो १२८ बाइटांत बसतो. समीकरणं शंभर असोत वा दहा लाख, पुराव्याची लांबी तीच.

सात वजनांचं गेज

गणित १९८५ चं, मग भाषा इतक्या उशिरा का आल्या? कारण दावा समीकरणांत उतरवणं फार किचकट. वयाचंच उदाहरण घेऊ.

नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ‘वय १८ किंवा जास्त असेल तर’ असं लिहिलं की झालं. इथे तपासणाऱ्याला वय दिसायचं नाही, म्हणून त्याच्या हाती फक्त समीकरणं द्यायची. तीसुद्धा एकाच ठेवणीची: एक बेरीज गुणिले दुसरी बेरीज बरोबर तिसरी बेरीज. अशा समीकरणांच्या संचाला सर्किट म्हणतात. त्यात ‘पेक्षा मोठं’ नावाची गोष्टच नसते, कारण हे सगळं अंकगणित घड्याळासारखं गोल फिरतं. एक वाजल्यापासून दोन तास मागे गेलं तर उणे एक वाजत नाहीत, अकरा वाजतात. सर्कॉममध्ये नेहमी वापरलं जाणारं घड्याळ ७७ अंकी मूळ संख्येचं आहे. तिथे सोळा वजा अठरा केलं तर उणे दोन येत नाही, ७७ अंकी एक अवाढव्य संख्या येते.

याच गोष्टीचा उपयोग करून घ्यायचा. तराजूची सात वजनं घ्या: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. प्रत्येक वजन पारड्यात एकदाच ठेवायचं किंवा ठेवायचंच नाही. यातून शून्यापासून १२७ पर्यंतची कुठलीही संख्या तोलता येते. माझ्या मामीचं वय ४१. त्यातून १८ गेले, राहिले २३. म्हणजे १६, ४, २ आणि १. तोललं गेलं, पास. सोळा वर्षांच्या मुलाची ती अवाढव्य संख्या मात्र या सात वजनांनी कधीच तोलता येणार नाही. गेज अडलं.

यात आठ समीकरणं लागतात. एक बेरजेचं, आणि प्रत्येक वजनासाठी एक: ब × (ब − १) = ०. हे समीकरण ‘ब’ शून्य किंवा एक असेल तरच खरं होतं. म्हणजे वजन ठेवलंय किंवा ठेवलेलं नाही, तिसरं काही नाही. ही सात छोटी समीकरणं लिहायला मी विसरले तर काय होईल? सोळा वर्षांचा मुलगा एकच्या वजनाच्या जागी ‘उणे दोन’ ठेवील, बाकीची पारड्याबाहेर ठेवील आणि बेरीज तंतोतंत जुळेल. गेज त्याला पास करील. विशेष म्हणजे माझ्या मामीसारखा प्रामाणिक माणूस कितीही वेळा तपासा, या गेजात काही बिघाड आहे हे कधी दिसणारच नाही.

बाण आणि बरोबर

सर्कॉम ही भाषा बार्सेलोनाचे जॉर्डी बायलीना आणि त्यांच्या आयडेन-थ्री गटानं बनवली. तिची सगळी शिस्त तीन चिन्हांत आहे, ती इथे तशीच देते.

<-- याचा अर्थ: पुरावा देणाऱ्या, ही किंमत काढून इथे ठेव.
=== याचा अर्थ: तपासणाऱ्या, हे दोन्ही समान आहेत का बघ.
<== म्हणजे दोन्ही एकदम.

आपल्या वजनांसाठी मी पहिला बाण वापरते, कारण संख्येतून वजनं वेगळी काढणं समीकरणाच्या ठेवणीत बसत नाही. ते काम पुरावा देणाऱ्याच्या कॉम्प्युटरनं करावं. पण पुरावा देणारा खोटारडा असू शकतो, म्हणून लगेच खाली तीन रेघांचं बरोबर लिहून त्यानं ठेवलेलं वजन तपासायचं. बाण लिहिला आणि बरोबर विसरलं, तर प्रोग्रॅम चालतो, उत्तर अचूक येतं, प्रामाणिक माणसाचा पुरावा पास होतो, आणि भिंतीत खिंडार राहतं.

इतर प्रोग्रॅमिंगमध्ये तुम्ही यंत्राला काय कर ते सांगता. इथे तुम्ही शत्रूला काय करता येणार नाही ते लिहिता. ही सवय लागायला मला वर्ष गेलं. या भाषांमध्ये ‘जर-तर’सुद्धा वेगळं असतं: दोन्ही वाटांची समीकरणं लिहिली जातात आणि कुठलं उत्तर घ्यायचं ते गुणाकारानं निवडलं जातं. फेरा किती वेळा मारायचा तो आकडा आधीच पक्का लागतो, कारण गेज एकदा घडवलं की वाढत नाही.

चुकीची किंमत काय असते याचं उदाहरण ऑक्टोबर २०१९ चं आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर पैशांचा माग लपवणारी टोर्नेडो कॅश ही सेवा सर्कॉमवर उभी होती. ती ज्या तयार लायब्ररीवर विसंबून होती, तिच्यातल्या हॅशच्या सर्किटमध्ये एका ओळीत <== च्या जागी साधं = पडलं होतं. किंमत ठेवली जात होती, तपासली जात नव्हती. त्या फटीतून कुणीही खोटा पुरावा बनवून दुसऱ्यांचे पैसे काढू शकला असता. चूक वेळीच लक्षात आली, बनवणाऱ्यांनी तीच फट वापरून सगळे पैसे स्वतः बाहेर काढले आणि सुरक्षित केले. २०२४ साली संशोधकांनी अशा पुराव्यांच्या यंत्रणांतल्या १४१ त्रुटी गोळा करून अभ्यासल्या. त्यात सर्किटमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या निघाल्या: लिहायची राहून गेलेली अट.

म्हणूनच नव्या भाषा आल्या. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातून निघालेली झोक्रेट्स पायथॉनच्या वळणाची आहे. ॲझ्टेकची नॉयर रस्टच्या वळणाची. तिच्यात ‘असर्ट, वय १८ किंवा जास्त’ अशी एक ओळ लिहिली की वजनं आणि समीकरणं कंपायलर स्वतः मांडतो. ‘पब’ असा शब्द लावला नाही तर प्रत्येक माहिती खासगीच धरली जाते, हे मला तिच्यातलं सगळ्यात आवडतं. इस्रायलच्या स्टार्कवेअरची कैरो वेगळ्या वाटेनं जाते: प्रत्येक कामाला नवं गेज घडवण्यापेक्षा एक अख्खं कल्पनेतलं यंत्र घडवायचं आणि ‘या यंत्रावर हा प्रोग्रॅम असाच चालला’ हे सिद्ध करायचं. आता तर नेहमीच्या रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा सिद्ध करणारी यंत्रंही आली आहेत. त्यात सोय मोठी, पण पुरावा तयार करायला मेहनत जास्त.

या प्रवासात महाराष्ट्राचाही धागा आहे. २०१७ साली मुंबईत मॅटिक नेटवर्क नावानं सुरू झालेली आणि पुढे पॉलिगॉन झालेली कंपनी. तिनं ऑगस्ट २०२१ मध्ये बायलीना यांच्या हर्मेझ प्रकल्पाला २५ कोटी मॅटिक टोकन देऊन आपल्यात सामावून घेतलं. मार्च २०२३ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या पॉलिगॉनच्या अशाच पुराव्यांवर चालणाऱ्या यंत्रणेसाठी पिल नावाची आणखी एक भाषा घडवली गेली, जिच्यात थेट बहुपदींच्या अटी लिहितात.

“वय तूच घालणार?”

वयाचं गेज तयार झालं तेव्हा मी ते बाबांना दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, “हे वय घातलं कुणी?”

“मी ओ, बाबा. पुरावा देणारा घालतो.”

“म्हंजे वय तूच घालणार आणि गेज पण तूच लावणार? आणि भोक दुसऱ्याच पीसचं मोजलं तर?”

बरोबर होतं त्यांचं. आकडा नियमात बसतो हे माझं गेज सांगत होतं. तो आकडा खरा कुणाचा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मशीन शॉपमध्ये प्रत्येक लॉटबरोबर शिक्क्याचं कार्ड फिरतं. मलाही शिक्का हवा होता.

तो शिक्का आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आजच्या आधार पत्रावर जो मोठा क्यूआर कोड असतो त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो असतो आणि या सगळ्यावर आधार प्राधिकरणाची २०४८ बिटांच्या किल्लीनं केलेली डिजिटल सही असते. जन्मतारखेतला एक अंक जरी बदलला, तरी सही जुळत नाही.

याच सहीवर अनॉन आधार नावाचा मुक्त प्रकल्प उभा आहे. इथेरियम फाउंडेशनच्या खासगीपणावर काम करणाऱ्या गटानं तो सुरू केला, आणि त्याची सर्किटं सर्कॉममध्ये लिहिलेली आहेत. क्यूआर कोड आपल्याच मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये वाचला जातो. सही खरी आहे, हे सर्किटच्या आत तपासलं जातं. आपण परवानगी देऊ तेवढंच बाहेर येतं: अठरा पूर्ण आहेत की नाही, लिंग, राज्य किंवा पिनकोड. एकच माणूस एका ठिकाणी दोनदा आला तर ओळखू यावा म्हणून एक खूण निघते, पण त्या खुणेवरून तपासणाऱ्याला नाव कळत नाही.

हे घडवणं किती जड आहे, याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगते. सहीआधी कोडमधल्या मजकुरावर एसएचए-२५६ हे हॅश चालतं. नेहमीच्या प्रोसेसरला ते काही क्षणांचं काम. सर्किटमध्ये मात्र प्रत्येक ६४ बाइटांच्या तुकड्याला पंचवीस-तीस हजार समीकरणं लागतात, कारण त्यातली एकेक बिटची उलटापालट गुणाकार-बेरजेत लिहावी लागते. म्हणून गणितज्ञांनी खास सर्किटसाठी पोसायडन नावाचं नवं हॅश घडवलं, ज्याला त्याच कामासाठी काहीशे समीकरणं पुरतात. पण आधारची सही ज्या हॅशवर आहे तेच हॅश मला तपासायला हवं. शिक्का मारणाऱ्याचा शिक्का मला बदलता येत नाही.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. माझ्या आधारचा क्यूआर कोड दुसऱ्याच्या हाती पडला तर तो त्यावरून पुरावा बनवू शकतो. कोड धरणारा हात कुणाचा, हे सर्किटला दिसत नाही. ज्या सरकारी यंत्रणेकडे मूळ फोटो आणि माहिती आहे, ती यंत्रणा मनावर घेईल तर ओळखीची खूण पुन्हा काढून माणसापर्यंत पोचू शकते. हे गेज आपल्याला लॉजच्या काउंटरपासून वाचवतं. सरकारच्या नजरेपासून वाचवण्याचं वचन ते देत नाही. आणि काउंटरवरच्या माणसानं झेरॉक्सच मागितली तर सगळं गणित खिशातच राहतं. म्हणून अशा पुराव्याला कायद्यानं आणि नियमानं मान मिळाला पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. शिक्षणासाठी गडहिंग्लज-चंदगडहून कोल्हापुरात येऊन खोली शोधणाऱ्या मुलीनं आपल्या गावच्या घराचा पत्ता अनोळखी माणसाच्या ड्रॉवरमध्ये का ठेवून जावा?

बाद पीस

बाबांच्या जुन्या टेबलाच्या खणात लाकडी पेटी असायची. त्यात दोन पीस: एक हद्दीच्या जेमतेम आतला, एक जेमतेम बाहेरचा. सकाळी पाळी सुरू झाली की आधी हे दोन पीस गेजला लावायचे, मगच लॉट. “चांगला पीस पास झाला म्हंजे गेज चांगलं, असं नसतंय,” ते म्हणायचे. “बाद पीस अडकला पायजे. त्यात गेजची परीक्षा.”

आता माझ्याही कॉम्प्युटरवर ‘बाद’ नावाचं फोल्डर आहे. गेल्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघांनी मिळून गेजला एकेक पीस लावला. त्यासाठी मी सरावाची वेगळी किल्ली बनवलेली असते, म्हणजे हव्या त्या जन्मतारखेवर मला सही करता येते. उद्या अठरा पूर्ण करणारी मुलगी: अडली. एकच्या वजनाच्या जागी उणे दोन: अडलं. जन्मतारखेतला एक अंक सही झाल्यावर बदललेला: अडला. बाबांनी थोडा विचार केला. “आता तारीख बरोबर ठेव, सही बरोबर ठेव, पण दोन्ही येगयेगळ्या कार्डाच्या.” लावलं. तेही अडलं.

“आता खरा पीस लाव की,” ते म्हणाले.

मी आईचं आधार पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरायला लागला, मिनिटभर गेलं आणि पडद्यावर एक ओळ आली: अठरा पूर्ण, होय. बाबांनी चष्मा वर केला आणि सबंध पडदा वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

“हिचं नाव कुठाय?”

“नाही दिसत.”

“वय? पत्ता?”

“तेही नाही, बाबा.”

त्यांनी टेबलावरचं गेज उचललं, नो-गोच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि जागेवर ठेवलं. “बसलं,” ते म्हणाले.